लोणावळामार्गे

प्रत्यक्ष ब्रह्मदेव नोकरी मागायला आला असता, तरी आमच्या थोरल्या साडूंनी त्याला गेटवरूनच परत पाठवला असता. तीस वर्षं चाकणच्या कारखान्यात त्यांनी सुटे भाग तपासले आणि दोष दिसला की लाल चिठ्ठी लावली. निवृत्तीनंतर चिठ्ठ्या संपल्या, संताप शिल्लक राहिला. तो त्यांनी प्राणिमात्रांच्या रचनेवर काढायला घेतला. चाकणच्या गुरांच्या बाजारात एकदा म्हशीच्या पायामागचे दोन छोटे खूर जमिनीला टेकत नाहीत म्हणून त्यांनी विकणाऱ्यालाच धारेवर धरलं. "हे कशाला लावलेत?" तो म्हणाला, "देवानं दिल्यात, ऱ्हाऊ द्या की! तुमाला म्हस घ्यायची हाय का न्हाई?" जेवताना ठसका लागला की साडू ताट सारून गरजत, "श्वासाची आणि घासाची वाट शेजारी शेजारी! हे ड्रॉइंग पास कुणी केलं?"

आमचा मेव्हणा राजगुरुनगरला शाळेत विज्ञान शिकवतो. तो शांतपणे सांगे, "दाजी, कुणीच केलं नाही. जुन्या प्राण्यांत थोडा थोडा बदल होत हे शरीर घडलंय." यावर साडू अधिकच भडकत. दोष एकवेळ चालेल, पण दोषाला जबाबदार कुणीच नसावं, हे त्यांना सहन होत नसे. त्यांच्या गर्जनांवर मात करणारा आवाज एकच, त्यांच्या पत्नीचा, म्हणजे आमच्या ताईंचा. साडू चष्मा विसरून खाली उतरले की तिसऱ्या मजल्यावरून "अहो, चष्मा!" अशी हाक येई आणि चिंचवडची ती अख्खी सोसायटी आपापला चष्मा चाचपून बघे.

गेल्या वर्षी ताईंच्या गळ्यात थायरॉईडची गाठ निघाली. डॉक्टरांनी समजावलं, की आवाजाची नस गाठीला खेटून आहे, ऑपरेशन करताना धक्का लागला तर आवाज जाऊ शकतो. ही नस मेंदूकडून निघून गळ्यावरून खाली छातीत उतरते, हृदयाजवळच्या धमनीला वळसा घालते आणि पुन्हा वर गळ्याशी येते. साडू ताडकन उभे राहिले. "कासारवाडीहून शेजारच्या पिंपरीला जायला लोणावळा गाठायचा? आणि परतताना हिच्या गाठीला घासून?"

मेव्हणा म्हणाला, "माशांमध्ये ती सरळच होती, दाजी. पुढे मान लांबत गेली, नस त्या धमनीखाली अडकून राहिली. जिराफात तर..."

"जिराफ गेला खड्ड्यात, मास्तर! हिचा आवाज गेला तर मी जाब कुणाला विचारू?" खरं सांगतो, त्या दिवशी मलाही भयंकर राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

गाठ साधी निघाली. आवाज वाचला, पण अर्धाच. आता तो स्वयंपाकघरातून जेमतेम बाहेरच्या खोलीत पोचतो.

परवा मी साडूंबरोबर निघालो. गेटपाशी ते थांबले आणि मान वर करून गॅलरीकडे बघत राहिले. ताई आल्या, त्यांनी नुसतं चष्म्याचं घर हलवून दाखवलं. साडू निमूट तीन मजले चढून गेले आणि धापा टाकत उतरले. मी चिडलो. "रोज एवढा वळसा? निघतानाच खिशात टाकायचा ना!"

मला वाटलं, आता स्फोट होणार. ते चष्मा पुसत राहिले.

"असू दे राव, वळसा तर वळसा," ते म्हणाले. "वर गेलं, की दारात ती 'अहो' म्हणते. तेवढ्या जवळून नीट ऐकू येतं."