टॉवेलांआडचा ठेचा

मी आयर्लंडला गेले होते एका सेमिस्टरसाठी, आणि परत आले ती इटली शिकून. हे असं का झालं ते घरी अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. नातेवाईक विचारतात, "काय गं, आयरिश लोक कसे असतात?" मी म्हणते, "चांगले असतात," आणि त्यापुढे माझी गाडी वळते ती थेट इटलीतल्या जिनोआला.

आमच्या पुण्याच्या कॉलेजचा स्लायगोमधल्या एका कॉलेजशी करार होता. स्लायगो म्हणजे आयर्लंडच्या वायव्येचं गाव. तिथे वारा असा की छत्री फक्त नवख्या माणसाच्या हातात दिसते, तीही उलटी झालेली. जानेवारीत पोचले. घर मिळालं एका आयरिश आजींचं. त्या शेजारच्या घरात राहायच्या आणि हे घर विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायच्या. घर दाखवताना प्रत्येक गोष्टीला त्या 'ग्रँड' म्हणाल्या. हीटर ग्रँड, गादी ग्रँड, नळ गळत होता तोही ग्रँड. जाताना म्हणाल्या, "चहा प्रेसमध्ये आहे हं." मी बराच वेळ इस्त्री शोधत होते. शेवटी कळलं, प्रेस म्हणजे कपाट. वरच्या मजल्यावर गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट होतं, त्यात टॉवेल वाळत ठेवायचे. त्याला म्हणायचं हॉट प्रेस.

दुसऱ्या खोलीत जिनोआजवळच्या एका गावातली मुलगी होती. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच एका सेमिस्टरपुरती आलेली. पहिल्याच संध्याकाळी मला वाटलं, ही इटलीची आहे, हिला आपण पास्ता करून घालू. आमच्याकडे पास्ता म्हणजे भरपूर सिमला मिरची, कांदा, केचप आणि वरून पिझ्झाबरोबर येणारं ऑरेगॅनोचं पाकीट. ही पाकिटं आईने वर्षभर साठवून माझ्या बॅगेत भरली होती. तर मी पाणी उकळत ठेवलं. भांडं लहान होतं आणि स्पॅगेटी लांब. मी ती मधोमध कडकन मोडली.

ती वरून धावत आली. "काय मोडलं?"

"काही नाही, स्पॅगेटी."

तिने खुर्ची ओढली आणि बसली. "का पण?"

"भांड्यात मावेना."

"मग थांबायचं! ती आपणहून वाकते. सगळं जग थांबतं!"

एवढ्यात तिला ओट्यावरचं केचप दिसलं. तिने बाटली उचलली, मागचं दार उघडलं आणि घरात शिरलेलं मांजर बाहेर ठेवावं तशी ती पायरीवर ठेवून आली. मी वातावरण सुधारावं म्हणून ऑरेगॅनोचं पाकीट पुढे केलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं. एखाद्या लांबच्या नातेवाइकाचा फोटो दाखवावा आणि समोरच्याला ओळख पटू नये, तसा चेहरा झाला होता तिचा.

त्या दिवसापासून माझं शिक्षण सुरू झालं. सकाळी कॉलेज, उरलेला वेळ इटली. सकाळ सरली की दुधाची कॉफी बंद, कारण दूध पचत नाही. माशाच्या पास्त्यावर चीज घालणारा माणूस लग्नाला योग्य नसतो. ओले केस घेऊन दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, मान धरते. हे शेवटचं ऐकून मी तिच्याकडे बघतच राहिले. सात समुद्र ओलांडून मी जिच्या तावडीतून सुटले होते ती माझी आईच इथे वेगळ्या पासपोर्टवर येऊन बसली होती. मी काहीही खाल्लं तरी ती विचारायची, "एवढंच?" मी एकटी उभ्याउभ्या सँडविच खाताना दिसले की ताट घेऊन समोर येऊन बसायची. हळूहळू मला सवय झाली. संध्याकाळी आम्ही दोघी टेबलावर बसूनच जेवायचो, आणि जेवण संपलं तरी उठायचो नाही.

पण नियम काही एकाच बाजूने चालत नव्हते. एकदा गावातल्या एशियन दुकानात मला तिखट हिरव्या मिरच्या मिळाल्या. लसूण, दाणे, मीठ घालून तव्यावर परतलं आणि पेल्याच्या बुडाने ठेचलं. तिने पावावर बोटभर लावून खाल्लं. मग खिडकी उघडली आणि डोकं बाहेर काढून उभी राहिली. बाहेर पाऊस होता. मी टॉवेल दिला. म्हटलं, झालं, संपली आपली मैत्री.

दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, "ते हिरवं आहे का अजून?"

आधी पावाबरोबर, मग अंड्याबरोबर. आणि एका दुपारी मी कॉलेजमधून लवकर आले, तर ही पास्त्यावर ठेचा घालून खात होती. काटा तोंडाशी तसाच थांबला.

"मी काही पाहिलेलं नाही," मी म्हटलं.

"कुणाला सांगू नकोस."

"मी कुणाला सांगणार?"

"आईला," ती म्हणाली.

आणि तिची आई खरंच आली. ईस्टरच्या सुट्टीत. फोनवर मुलीचा आवाज बारीक येतो, म्हणजे ती नक्कीच विकतचं डबाबंद काहीतरी खाऊन जगतेय, असं त्यांनी ठरवलं होतं. आदल्या दिवशी मैत्रिणीने स्वयंपाकघराची झडती घेतली. ठेच्याची बरणी हातात घेऊन म्हणाली, "हे टाकायचं."

"तू मला टाक आधी," मी म्हटलं.

शेवटी तडजोड झाली. बरणी हॉट प्रेसमध्ये टॉवेलांच्या मागे गेली.

काकू आल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मी त्यांना काय म्हणावं हे मला सुचेना, म्हणून मनातल्या मनात काकूच म्हणत होते. बुटक्या, चष्मा, मोठी बॅग. बॅगेत कपडे कमी आणि चीज जास्त. तेलाच्या बाटल्या, ओल्या कागदात गुंडाळलेली तुळशीसारखी बेझिलची जुडी, आणि सगळ्यात खाली चक्क संगमरवरी खल. विमानतळावर कस्टमवाल्यांनी तो बाहेर काढायला लावला होता आणि काकूंनी त्यांना बत्ता कसा फिरवायचा ते तिथेच करून दाखवलं होतं. बेझिल, लसूण, चीज वाटून करायचा हिरवा पेस्टो हा त्यांच्या गावचा अभिमान. मुलगी मिक्सर वापरते अशी त्यांना शंका होती.

त्यांनी फ्रिज पाहिला, कपाटं पाहिली, भांड्यांची बुडं पाहिली. मुलगी खुशीत आली. मग काकू वर आंघोळीला गेल्या. टॉवेल कुठे हे त्यांनी विचारलं नाही. आयांना टॉवेल सापडतोच.

वर हॉट प्रेसचं दार करकरलं. मग जिन्यावर पावलं वाजली. काकूंनी बरणी टेबलावर ठेवली आणि हळू आवाजात एक लांबलचक वाक्य बोलल्या. मैत्रीण पांढरी पडली.

"काय म्हणतायत?" मी कुजबुजले.

"म्हणतेय, विकतचा पेस्टो आणलास. वर लेबल काढून टाकलंस. आणि आईला कळू नये म्हणून टॉवेलांत लपवलास."

"मग सांग ना, हा पेस्टो नाहीये!"

"आणि मग काय आहे म्हणून सांगू?"

आमची ही खलबतं चालली होती तोवर काकूंनी चमचा घेतला होता. विकतच्या पेस्टोची परीक्षा घेणार होत्या त्या. चमचा शिगोशीग भरला.

"काकू, नको!" मी ओरडले. थेट मराठीत.

उशीर झाला होता. काकूंचा बोलण्यासाठी वर उचललेला हात हवेतच राहिला. चष्म्याच्या आत पाणी भरलं. मी दुधाचा पेला पुढे केला आणि भर दुपारी, मुलीच्या डोळ्यांदेखत, त्यांनी तो एका दमात रिकामा केला.

मग खाली बसल्या. प्रश्न सुरू झाले आणि मैत्रीण भाषांतर करू लागली.

"विचारतेय, हे कुणी केलं?"

मी हात वर केला.

"विचारतेय, कशासाठी?"

"आमच्याकडे जेवताना लागतं. तोंडी लावायला."

हे एवढंसं वाक्य इटालियनमध्ये फारच लांबलं. मध्ये मला 'पास्ता' हा शब्द ऐकू आला, त्यावरून कळलं की पोरीने कबुली दिली. काकूंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्यांनी काहीतरी विचारलं, आणि आवाज एकदम वेगळा होता.

"काय?"

"विचारतेय, तुम्ही दोघी रोज जेवता का. बसून. एकत्र."

"रोज," मी म्हटलं. "आणि ही मला उठूच देत नाही."

काकूंनी चष्मा काढून पुसला. ते पाणी मिरचीचंच असावं, पण तेव्हा मिरची खाऊन बराच वेळ झाला होता. मग माझ्या गालावर जोरात थापटी मारून त्या काही बोलल्या. मैत्रीण हसता हसता रडायला लागली.

"म्हणतेय, मग ठीक आहे. फक्त पास्त्यावर नाही. पास्त्यावर कधीच नाही."

आणि पावाचा तुकडा मोडून त्यांनी बरणीत अगदी टोकच बुडवलं.

रविवारी त्यांनी खलात पेस्टो वाटला. आयरिश आजींना जेवायला बोलावलं. काकूंच्या गावच्या पद्धतीप्रमाणे पास्त्याबरोबर बटाटाही होता. आजींनी एवढ्या हिरव्याचं काय करायचं अशा नजरेने ताट पाहिलं, मग त्यात बटाटा दिसला आणि चेहरा उजळला. त्यांनी पास्ता बाजूला सारून बटाटे तेवढे वेचून खाल्ले आणि म्हणाल्या, "ग्रँड!" काकूंना हा एक शब्द कळला. त्यांनी आजींच्या ताटात आणखी वाढलं. दोन बायका भाषेवाचून तासभर गप्पा मारत होत्या. मला वाटतं, विषय गुडघेदुखीचा होता.

मे महिन्यात मी निघाले. मैत्रीण बस स्टँडवर सोडायला आली. निरोप घेताना ती गालाला गाल लावायला उजवीकडे आली आणि मीही त्याच बाजूला गेले. नाकावर नाक आपटलं. दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं आणि कशाचं ते विचारायची सोय राहिली नाही. ड्रायव्हर म्हणाला, "सावकाश, मुलींनो, बस कुठे जात नाही." आणि लगेच बस सुरू केली.

मी खिडकीशी बसले. ती बसबरोबर चालू लागली, मग पळू लागली. मी शिकवलेलं सगळं मराठी एका वाक्यात गोळा करून ती ओरडली, "पोचला की फोन कर!"

मी आतून ओरडले, "पोचला नाही गं, पोचलीस!"

तिला ते ऐकू गेलं नसावं. ती दोन्ही हात हलवत होती आणि माझ्या शेजारचे आयरिश आजोबा तिला माझ्या वतीने हात हलवून दाखवत होते.