आईची गुडाखूची डबी

आमच्या घरी सकाळ उजाडायची ती गुडाखूच्या वासानं. आई, काकू आणि शेजारची मावशी मागच्या अंगणात, न्हाणीजवळ बसायच्या. तंबाखू आणि गुळाचा तो काळा लगदा बोटानं दातांवर घासत जगाच्या चौकशा चालायच्या. पुरुषांना तिथं मज्जाव होता, आणि पोरींनाही.

नववीत असताना माझ्या हिरड्या सुजल्या. संत्र्याची फोड तोंडात टाकली की डोळ्यांत पाणी यायचं, आणि नागपुरात राहून संत्रं खाता येऊ नये यासारखी फजिती नाही. ब्रशला रक्त लागायचं, म्हणून मी शहाणीनं ब्रशच बंद केला. तेव्हा आईनं स्वतःची डबी पुढं केली.

"लाव वं थोडी. ठणका जाते."

ठणका खरंच गेला. वर त्या बायकांत मला बसायला जागा मिळाली, त्यामुळं मी हुरळूनही गेले. दिवाळीपर्यंत मात्र डबीशिवाय सकाळी पोट साफ होईना, वर्गात डोकं भणभणायला लागलं, आणि समोरचा एक दात जिभेनं हलू लागला. मी पुरती अडकले होते.

शेवटी आईच मला दातांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई फटकळ होत्या.

"या वयात हिरड्या आधीच लवकर सुजतात. त्यात दात घासणं बंद, आणि वरून तंबाखू! आज सोडलीस तर हा दात वाचेल, नाहीतर मागोमाग बाकीचेही जातील." मग त्या आईकडं वळल्या. "तुमचं तोंड बघू."

आईनं पदर तोंडावर ओढला. बाईंनी तो हळूच बाजूला केला. दाढांच्या जागी नुसत्या काळवंडलेल्या हिरड्या होत्या. ती भाकर नेहमी वरणात कुस्करून का खाते, ते मला तेव्हा कळलं.

बाहेर येताच मला रडू फुटलं.

"माय, तू सोड. तू सोडली त मीबी सोडीन."

"हो वं बाई, सोडू."

सायकलरिक्षात तिनं माझे डोळे पुसले. "लय दुखून राहिलं का?"

मी मान डोलावली. तिनं कमरेची डबी काढली आणि स्वतः न घेता आधी माझ्यापुढं धरली. माझं दुखणं तिला बघवत नव्हतं, आणि तिच्याजवळ दुसरं औषध नव्हतं. मला तिचा राग आला, कीव आली, आणि तोंडाला पाणीही सुटलं.

मी बोट पुढं केलं.