थोडं कमी करून

मालवाहतुकीच्या त्या कचेरीत तिला मागून सगळे कडूबाई म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. गिऱ्हाइकाचा फोन येतो, "माझा माल कधी येतोय हो?" शेजारच्या टेबलावरचा कारकून असेल तर साखर पेरत म्हणतो, "निघालाच आहे साहेब, आज-उद्या पोहोचेल." आणि माल कुठे असतो? बंदरावर उन्हात तापत पडलेला असतो. ही बाई मात्र सरळ सांगते, "येणार नाही. या आठवड्यात तर नाहीच. दुसरीकडून सोय बघा." गिऱ्हाईक भडकतं. साहेब तिला आत बोलावून समजावतात, "अहो, जरा गोडीनं सांगावं, थोडं सावरून घ्यावं माणसाला." ती ऐकून घेते, मान हलवते आणि पुढच्या फोनला पुन्हा तेच. आताशा साहेबांनीही तिचा नाद सोडलाय.

ही बाई जन्मापासून अशी होती असं समजू नका. उलट, लहानपणी तिच्याइतकी गोड पोर सगळ्या चाळीत नव्हती. वर ताई, खाली धाकटा, म्हणून हिचं नाव मधली. ताईचे जुने फ्रॉक हिच्या अंगावर आणि धाकट्याच्या खोड्यांचा मार हिच्या पाठीवर. शिवाय घरातले सगळे निरोप हिच्याच पायांनी फिरायचे. आई-बाबांचं वाजलं की बाबा गरजायचे, "सांग तुझ्या आईला, मला तिचं तोंड बघायचं नाही!" मधली स्वयंपाकघरात जाऊन सांगायची, "बाबा म्हणाले, जरा वेळानं बोलतो." आई तिकडून फणकारायची, "म्हणावं, उपाशी राहा मग." मधली बाहेर येऊन सांगायची, "आई ताट वाढतेय." असं दोन्हीकडून थोडं थोडं कमी करत तिनं कितीतरी भांडणं विझवली. सगळे कौतुक करायचे, पोरगी समजूतदार आहे म्हणून. कौतुक झालं की माणसाला वाटतं, आपण करतो तेच बरोबर. मधलीलाही तसंच वाटायचं.

बाबांचा टेम्पो होता. आई कपबशांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. एकेक कप कागदात गुंडाळायचा, खोक्यात बसवायचा, फटीत भुसा भरायचा. खोकं बंद केलं की आई ते उचलून कानाशी धरायची आणि हलकेच हलवायची. आत जरा जरी खुळखुळलं, की म्हणायची, "काहीतरी मोकळं राहिलंय. उघडा." मग कितीही घाई असो, खोकं उघडलंच जायचं. तिनं बांधलेल्या खोक्यातून फुटका कप निघाला, असं कधी कुणी सांगत आलं नाही.

तर अशा घरातली मुलगी विद्यापीठात सप्लाय चेन आणि लॉजिस्टिक्स शिकायला गेली. बाबा टेम्पोच्या अड्ड्यावर सांगत सुटले, "माल इकडून तिकडे कसा न्यायचा, ते शिकते म्हणे! अरे, मी जन्मभर दुसरं काय केलं? मला नाही कुणी पदवी दिली." बोलायचे असं, पण छाती बघावी तर गजभर फुगलेली. त्याच वर्षी धाकटा मालवाहू जहाजावर लागला, भटारखान्यात मदतनीस म्हणून. मधलीनंच वर्गातल्या कुणाकुणाला विचारून ती नोकरी शोधून दिली होती. शेंडेफळ दूर निघालं म्हणून आईनं डोळ्यांना पदर लावला, पण त्याची बॅग मात्र अशी भरली की मोज्याचीसुद्धा जागा हलू नये. "परत आलास की आधी माझ्यासमोर येऊन उभा राहा. मित्रबित्र मागनं," असं दारात बजावून तिनं त्याला सोडलं.

विद्यापीठात त्यांना एक सर होते. कोणताही प्रश्न विचारा, ते उलट विचारायचे, "कुठं अडलं ते शोधा." म्हणून त्यांचं नावच कुठंअडलं सर पडलं होतं. एक दिवस त्यांनी वर्गात खेळ मांडला. एका रांगेत टेबलं लावली. एक दुकानदार, त्याच्यामागे घाऊक व्यापारी, मग वितरक, शेवटी कारखाना. माल म्हणजे साबणाच्या वड्या. अट एकच, कुणी कुणाशी बोलायचं नाही. मागच्याला फक्त चिठ्ठी सरकवायची, किती वड्या हव्यात एवढीच. मधली वितरक झाली. गिऱ्हाइकाची मागणी सरांच्या हातात होती आणि ती त्यांनी एकदाच, अगदी जराशी वाढवली. दुकानदार पोरगं सावध, त्यानं थोडं वाढवून मागितलं. व्यापाऱ्यानं त्यात आपलं थोडं मिळवलं. मधलीनं आणखी थोडं. कारखानेवाल्या पोरीच्या तर तोंडचं पाणीच पळालं. तास संपेपर्यंत खोट्या साबणाचा डोंगर उभा राहिला, घ्यायला गिऱ्हाईक नाही, आणि सगळे एकमेकांवर खेकसताहेत.

"चूक कुणाची?" सरांनी विचारलं. प्रत्येकानं शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. सर हसले. "कुणीही मोठं खोटं बोललेलं नाही. प्रत्येकानं आपल्या जागेवर, शहाणपणानं, थोडासाच फरक केला. राईचा पर्वत असाच होतो. लक्षात ठेवा, खरी मागणी जाणून घ्यायची तर शेजाऱ्याची चिठ्ठी वाचू नका. उठा आणि दुकानात जाऊन बघा." मधलीला हे फार आवडलं. तिनं त्याच विषयावर छोटा प्रकल्प केला, शाबासकीही मिळवली.

आणि त्याच दिवसांत घरी दुसरा खेळ सुरू झाला होता, उलट्या दिशेनं.

आईच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, बाबांना एकट्याला आत बोलावलं आणि सांगितलं, "फार वेळ नाही. मुलांना बोलावून घ्या." बाबा बाहेर आले. व्हरांड्यात ताई बसलेली, तिच्या मांडीवर तिचं तान्हं. तिचा चेहरा बघून त्यांची जीभ रेटेना. म्हणाले, "अवघड आहे म्हणतात जरा, पण औषधांनी फरक पडेल." ताईनं संध्याकाळी मधलीला फोन केला. पोरीची शेवटची परीक्षा तोंडावर, तिला कशाला घोर लावायचा? म्हणाली, "रिपोर्टमध्ये थोडं काहीतरी निघालंय, औषधं सुरू केलीत. तू पेपर दे आणि मग ये." मधलीच्या मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. तिनं आईलाच फोन लावला. आई म्हणाली, "मला काय धाड भरलीय? अभ्यास कर." आवाज बारीक होता. पण आई कारखान्यातून दमून आली की आवाज असाच असतो, असं मधलीनं स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला किती पटकन समजावतो!

मग तिनं धाकट्याला कळवलं. "आईला अशक्तपणा आहे. टॉनिक दिलंय."

बघा आता. डॉक्टरांच्या तोंडून निघालेला पर्वत, जहाजावर पोहोचेपर्यंत त्याची राई झाली होती.

पण शेंडेफळाला आईची ओढ वेगळीच असते. त्याचा लगेच फोन आला. "मधले, जहाज उद्यापर्यंत बंदरात आहे. इथून पुढे मोठा समुद्र, मग खूप दिवस जमीन नाही. बदलीचा माणूस मिळतोय, कॅप्टन सोडतील. उतरू का?"

मधली समोर पुस्तक उघडून बसली होती. तिला वाटलं, किती खटपटीनं नोकरी मिळालीय याला. मध्येच उतरला तर पुन्हा कोण घेणार? "वेडा आहेस का?" ती म्हणाली. "अशक्तपणासाठी कुणी जहाज सोडतं होय? काम पूर्ण कर, मग ये ऐटीत."

"नक्की ना?"

"अरे हो रे बाबा, नक्की."

शेवटच्या पेपरात त्याच खेळावर प्रश्न आला. मधलीनं असं काही झकास उत्तर लिहिलं की विचारू नका. तिथूनच ती बॅग घेऊन बसमध्ये बसली.

स्टँडवर बाबा टेम्पो घेऊन आले होते. दाढी वाढलेली. घराच्या वळणावर आल्यावर म्हणाले, "बाळ, आईला बघून घाबरू नकोस."

आईच्या पलंगावर होती म्हणून ती आई, एरवी ओळखू आली नसती. अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं. कप गुंडाळणारी ती चपळ बोटं चादरीवर नुसती पडून होती. मधली हसली, आईच्या कपाळावरून हात फिरवला, "आलेच, तोंड धुऊन येते," म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन ताईवर तुटून पडली.

"थोडं काहीतरी निघालंय? याला थोडं म्हणतात? मी तिकडे साबणाच्या वड्या मोजत बसले!"

ताईच्या हातातलं भांडं सुटलं. "मला बाबांनी जेवढं सांगितलं... त्यातलं थोडं कमी करून सांगितलं मी. तुझी परीक्षा होती गं."

"आणि बाबा, तुम्ही?"

बाबा ओट्याला टेकून उभे होते. म्हातारा माणूस पोरासारखा रडायला लागला. "हिचं तान्हं पोर मांडीवर होतं. कसं सांगू? मीही थोडं कमीच केलं."

मधली दातओठ खात होती. सगळं सुनावायचं होतं तिला, कुठं अडलं, कुणी अडवलं. तेवढ्यात आतून आईची हाक आली, क्षीण पण स्वच्छ.

"धाकटा कधी पोहोचतोय गं?"

बाबांनी ताईकडे बघितलं, ताईनं मधलीकडे. "तू त्याला कळवलंस ना?" ताईनं विचारलं.

मधलीनं फोन काढला. जहाजं कुठे आहेत ते नकाशावर दाखवणारी साइट वर्गात शिकवली होती. धाकट्याचं जहाज तिनं शोधलं. बंदर मागे पडलं होतं. सगळीकडे निळं आणि मध्ये एक टिंब. तिनं पुढचं बंदर बघितलं, वेग बघितला, तिथून विमानं बघितली. मग दुसरा मार्ग, मग तिसरा. जन्मभराची हुशारी पणाला लावली पोरीनं. एका माणसाला त्या टिंबातून या पलंगापर्यंत आणायचं, एवढाच प्रश्न होता. उत्तर नव्हतं. एकदाच होतं, त्यानं स्वतःहून विचारलं तेव्हा, आणि ते तिनं हसण्यावारी नेलं होतं.

ती आईजवळ जाऊन बसली. "निघालाय," म्हणाली. "येतोच आहे."

आईनं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग मोठ्या कष्टानं हात उचलला, मधलीची हनुवटी धरली आणि हलकेच हलवली, कारखान्यात खोकं हलवायची तशी.

"काहीतरी मोकळं राहिलंय," आई म्हणाली. "उघड."

मग मात्र मधलीचा बांध फुटला. "तो नाही येऊ शकत, आई. तो उतरतो म्हणत होता. मीच नको म्हटलं. मी त्याला काही सांगितलंच नाही गं."

आईनं डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाकडे गेलं. मधलीला वाटलं, आता ही माझ्याकडे पुन्हा बघणारसुद्धा नाही. पण आई म्हणाली, "मला पोटात दुखायला लागून वर्ष होऊन गेलं होतं. तुझ्या बाबांना म्हणत राहिले, पित्त आहे, पित्त आहे. सुरुवात माझीच." मग दम खाऊन म्हणाली, "त्याला सांग आता. आहे तसं सांग. कमी करू नकोस."

जहाजावर निरोप गेला. दुपारी कॅप्टनच्या सॅटेलाइट फोनवरून धाकट्याचा फोन आला. मागे इंजिनाची घरघर. बाबा आणि ताई दारात उभे होते. मधलीनं एका दमात सांगितलं. आई वाचणार नाही. थोडेच दिवस आहेत. तू पोहोचणार नाहीस, कुठल्याच वाटेनं नाही, मी सगळ्या बघितल्या. मला पूर्ण माहीत नव्हतं, पण शंका आली होती, आणि तुला मी तीही सांगितली नाही.

पलीकडून आवाज आला, लहानपणी खोडी अंगाशी आली की यायचा तसा, एवढासा.

"मी तुला विचारलं होतं ना, मधले? उतरू का म्हणून?"

"विचारलं होतंस," ती म्हणाली.

आणखी काहीतरी जोडावं, परीक्षा होती, तुझी नोकरी होती, असं तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं आणि फोन आईच्या कानाला लावला.