न लावलेला लेप

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर बाई दिसते अशी बोंब उठली होती, तेव्हा वर जाऊन बघणारी मीच. बाईबिई काही नव्हती, तिसऱ्या मजल्यावरच्यांनी वाळत घातलेली गोधडी होती. ती खाली आणून त्यांच्या हातात दिली आणि वर चार शब्द सुनावले. गावाला आमच्या घरामागे चिंच आहे, तिच्यावर म्हणे कोण कोण बसतं... मी त्या चिंचेखाली दुपारची झोप काढते. हे एवढ्यासाठी सांगतेय की पुढचं जे लिहिणार आहे ते भुतंखेतं मानणाऱ्या बाईने लिहिलेलं नाही. या पानावरचे अनुभव मी आजवर टाइमपास म्हणून वाचले, राग मानू नका. पण माझ्या बाबतीत जे झालं ते भर दुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात, दुसऱ्या माणसासमोर झालं, आणि मला अजून त्याचा छडा लागलेला नाही.

मी मुलुंड पूर्वेला राहते. वय त्रेचाळीस. प्लास्टिकचे पार्ट बनवणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये क्यूसीला आहे. म्हणजे दिवसभर दिव्याखाली पार्ट धरायचे आणि दोष शोधायचे. कुठे संशय आला तर त्या जागेवर पिवळ्या मार्करने खूण करून पुढच्या टेबलावर द्यायचं, मग पुढची बाई तीच जागा नीट तपासते. माझ्या हातून खराब माल सुटत नाही असं आमचा मालकसुद्धा कबूल करतो. आणि हीच बाई स्वतःची तपासणी मात्र टाळत होती.

आमच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं, "तुमच्या आईला ब्रेस्टचा कॅन्सर होता ना? मग तुम्ही मॅमोग्राफी करून घ्या. त्रास काही नसला तरी." मी मान डोलावली आणि चिठ्ठी पर्समध्ये टाकली. मग श्रावण आला. मग गणपती, घरात पाहुणे. मग म्हटलं दसरा होऊ दे. मग दिवाळीच्या तोंडावर कशाला नसती कटकट... सोसायटीच्या सेक्रेटरीला मी भर मीटिंगमध्ये गप्प केलंय, रिक्षावाल्यांशी माझं रोजचं आहे. पण या एका गोष्टीला माझी तंतरत होती. सरळ सांगते.

कारण आई. आम्ही तेव्हा भांडुपला चाळीत राहायचो. बाबांची गिरणी बंद पडलेली, ते वॉचमनकी करायचे. मी बारावीत होते. आई एक दिवस म्हणाली, नळावर छातीला हंडा लागला, मुका मार आहे, जरा आंबेहळद उगाळून दे. मी सहाणेवर उगाळून दिली. तो वास ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, कच्च्या कैरीला माती लागल्यासारखा. रोज उगाळून द्यायचे आणि ती वाटी घेऊन न्हाणीत जायची. मुका मार इतके महिने राहत नाही हे तिला कळत नव्हतं असं मला नाही वाटत. पण पुरुष डॉक्टरसमोर ब्लाउज काढायचा या कल्पनेनेच ती मेली असती, आणि शेवटी त्या लाजेनेच मेली. हॉस्पिटलात नेलं तेव्हा डॉक्टर आमच्यावर ओरडले, इतके दिवस काय करत होतात म्हणून. मला आईचा राग आला. अजून येतो. एवढी कसली लाज, की आम्हाला पोरकं केलंस?

आणि एवढा राग असून मी तेच करत होते, फक्त लेपाऐवजी सणवार लावत होते.

शेवटी चिडून मीच फोन करून अपॉइंटमेंट घेतली. पलीकडून बजावलं, "आंघोळ करून या, पण पावडर, डिओ, क्रीम काहीही लावू नका. पावडरचे कण फोटोत दिसतात." निघायच्या आदल्या दिवशी बेबीमावशीचा फोन. ही आईची धाकटी बहीण, राहायला भांडुपलाच, बोलणं अजून मालवणीच.

"कित्याक जातंस गो? काय दुखता काय तुझा?"

"नाही."

"मगे? सोदूक गेलंस तर काय ना काय गावतलाच."

"मावशी, शोधून काढणं हा माझा धंदाच आहे," म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवल्यावर मात्र पर्समधली चिठ्ठी दोनदा काढून बघितली.

सेंटर मुलुंड पश्चिमेला, स्टेशनपासून चालत. खाली फरसाणचं दुकान, वर पहिल्या मजल्यावर हे. नवरा येतो म्हणत होता, त्याला नको म्हटलं, तो माझ्याहून घाबरट. मी पुढे बटणं असलेला पांढरा कुर्ता घातला होता, आत पांढरीच ब्रा. हा रंग लक्षात ठेवा. टेक्निशियन मुलगी तिशीची असेल, संघमित्रा नाव, चष्मा, बोलायला फटकळ. तिने धुतलेला गाऊन दिला आणि कपडे बदलायची खोली दाखवली. खोली कसली, कपाटाएवढी जागा. एक स्टूल, एक आरसा, दाराला कडी.

मी कडी लावली, कपडे काढले, गाऊन घातला. आरशात बघितलं. स्टूलवर बसले. भिंतीपलीकडून मशीनची घरघर येत होती. मनात म्हटलं, नकोच. काही सापडलं तर? मुलगी दहावीत आहे... आता जाऊन सांगायचं की बरं वाटत नाही, पुढच्या आठवड्यात येते. गाऊन अंगावर होता तसाच, मी वरून कुर्ता चढवायला घेतला. एक बाही घातलीसुद्धा.

तेव्हा तो वास आला.

आधी वाटलं खालून फरसाणवाल्याकडचा असेल. पण तळणाचा वास वेगळा. हा कैरीचा, मातीचा, ओला, अगदी जवळून येणारा. इतक्या वर्षांत मी आंबेहळद घरात आणलेली नाही. पायाला लागलं तर बर्फ लावते, पण ती नाही. तरी नाक विसरत नाही.

तुम्हाला वाटेल मी घाबरले. अजिबात नाही. माझं डोकंच सटकलं. मी त्या कपाटाएवढ्या खोलीत मोठ्याने म्हणाले, "आई, आज नाही हं. तू तुझं लपवलंस, मी नाही लपवणार." बाहेर बसलेल्यांनी ऐकलं असेल तर वेडी म्हटलं असेल. कुर्त्याची बाही ओढून काढली, कुर्ता खुंटीला अडकवला आणि तावातावाने बाहेर आले. घाबरून पळणार होते, ती रागावून मशीनकडे गेले. धाडसबिडस काही नव्हतं त्यात.

आधी उजवी बाजू झाली. गार प्लेट, वरून दुसरी प्लेट येऊन दाबते, श्वास रोखा, सोडा. दुखतं का? दुखतं. पण किती, तर मी लग्नात नव्या बांगड्या चढवून घेताना याहून जास्त ओरडले होते. संपेपर्यंत कळतही नाही की संपलं. मनात म्हटलं, एवढ्यासाठी तीन सण घालवले?

मग डावी बाजू. संघमित्राने गाऊन बाजूला केला आणि थांबली.

"ताई, हे काय? लेप लावून आलात?"

मी खाली बघितलं. डाव्या बाजूला, वर, काखेकडे, पिवळा लेप. ओला. चार बोटं वरून खाली ओढल्यासारखे त्याचे पट्टे.

"फोनवर सांगितलं होतं ना काही लावू नका?" ती कापूस ओला करत म्हणाली.

"मी नाही लावलं."

"मग काय मी लावलं? आत बदलताना लावलंत का?"

"हळद घेऊन फिरते का मी पर्समध्ये?"

ती पुसायला लागली. कापूस पिवळा झाला. तिने तो नाकाशी नेला. "आंबेहळद आहे ही. माझी आजी लावायची." मग तिने गाऊनची ती बाजू उलटून बघितली. पांढरी स्वच्छ. मी आत जाऊन ब्रा आणली, कुर्ता आणला. एक ठिपका नाही. माझे हात बघितले, नखं बघितली. काही नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या, आणि वर एसी चालू.

"ताई, दुखतं का तुम्हाला इथे?" तिने विचारलं. आवाज एकदम उतरलेला.

"नाही."

"बरं. चला, श्वास रोखा."

फोटो झाले. तिचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता, दुखतंय म्हणून लेप लावला आणि आता लाजून नाही म्हणतेय असं तिला वाटलं असणार. तिने आत सेंटरच्या डॉक्टर मॅडमना सांगितलं, पेशंट काही बोलत नाहीये, पण या जागी तिला काहीतरी होतंय. म्हणून मॅडमनी तिथेच, नेमक्या त्याच जागी, सोनोग्राफी केली. आणि मॉनिटरवर बघता बघता त्या एका ठिकाणी थांबून मोजमाप घ्यायला लागल्या.

वाटाण्याहून लहान गाठ होती. मॅडम नंतर म्हणाल्या, "तुमचं टिश्यू दाट आहे. नुसत्या फोटोत हे सुटलं असतं." हाताला तर लागतच नव्हती. पुढचं सगळं रीतसर झालं. सुईने तपासणी, रिपोर्ट खराब, ऑपरेशन, मग रेडिएशन. मी रडले, भांडले, नर्सशी वाद घातले. पण गाठ लवकर सापडली, आणि डॉक्टर आता फक्त ठरलेल्या तपासण्यांना बोलावतात. मी परत कामावर जाते. परवाच अख्खा लॉट रिजेक्ट केला.

आता तुमचे प्रश्न. आधीच उत्तरं देते. स्वयंपाकाची हळद लागली असेल? ती अंगाला अशी ओली राहत नाही, आणि साबणाने आंघोळ करून गेले होते. टेन्शनमध्ये भास? मग संघमित्राला कसा झाला, आणि कापसाला कसा झाला? गाऊनला आधीचं लागलेलं होतं? गाऊन स्वच्छ होता, सांगितलं वर. कुणी म्हणेल आईचा आत्मा. म्हणा. मला ते मान्य करायला जड जातं, कारण आईने आयुष्यभर झाकलं, आणि हे जे कोणी होतं त्याने दाखवलं. कामावर आम्ही खूण करतो, तसं. ती मेल्यावर सुधारली असेल तर मला आनंद आहे, पण पुरावा नाही.

मावशीचं सांगायचं राहिलं. तिचा रिपोर्ट क्लीन आहे, हे आधीच सांगते, नाहीतर उगाच जीव मुठीत धरून वाचाल.

ऑपरेशननंतर ती मला बघायला आली, तेव्हा तिला लेपाचं सांगितलं. जागा सांगितली, बाकी काही नाही. ती खुर्ची ओढून जवळ आली. मग विचारलं, "बोटां कशी होती? वरसून खाली?"

"तुला कसं माहीत?"

"तुझी आवस तशीच लावी. माका म्हणी, कोणाक सांगू नको." आणि ती रडायला लागली. मी तिला रडू दिलं. रडून झाल्यावर नाक पुसत म्हणाली, "माझा पण तपासूक होया."

म्हणून तिला घेऊन त्याच सेंटरला गेले. संघमित्राने मला ओळखलं, माझा हात दाबला. मावशीला गाऊन दिला, कडी कशी लावायची ते दाखवलं. मी दाराबाहेर उभी. आतून बांगड्या काढल्याचा आवाज आला. मग मावशीचा बारीक आवाज.

"गो... हय कसलो वास येता? आंबेहळदीचो?"

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण मी दार ठोठावलं.

"येऊ दे. तू गाऊन घाल आणि बाहेर ये."