आतोबांची आंधळी फौज

हातातलं काम ठेवा आणि आधी हे ऐका. मी आत्ता भवानी पेठेतनं, आत्याच्या घरनं येतोय, आणि तिथं जे ऐकलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही. पण ते कळायला आधी आमचे आतोबा कळायला पाहिजेत. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान, गिरणीत हजेरी मांडणारे कारकून. सोलापुरात सकाळच्या भोंग्याबरोबर एवढी माणसं उठतात, पण इतका बिनकामाचा उद्योग इतकं मन लावून करणारा माणूस त्यांच्यासारखा दुसरा नाही, हे मी कुठल्याही देवळात उभा राहून सांगेन.

उद्योग काय, तर मातीची शिपुर्डी रंगवायची. दिवाळीत पोरं किल्ला करतात की, त्यावर ठेवायला कुंभार करंगळीएवढे मावळे विकतो. तसले कच्चे, बिनरंगाचे मावळे आतोबा टोपलीनं आणायचे, दिवाळी असो नाहीतर उन्हाळा. दिवाळी झाल्यावर माणसं किल्ला मोडतात आणि विसरतात. आतोबांची दिवाळी बारा महिने. कुंभार त्यांना लांबनं येताना बघितलं की बायकोला म्हणायचा, "फौजदार आले बघ." आणि हे खूश. त्यांना वाटायचं मानानं म्हणतोय.

मी मोहोळहून नोकरीला आलो तेव्हा पहिली काही वर्षं आत्याकडंच राहिलो, त्यामुळं हे सगळं मला जवळनं बघावं लागलं. गिरणीतनं आले की आतोबा चहासुद्धा उभ्यानं प्यायचे आणि सोप्यात मांडी घालून बसायचे. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, दातात एक कुंचला, हातात एक. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा. ती खार कुठनं मिळाली हे विचारायची सोय नव्हती. रंग ठेवायला वाट्या नव्हत्या, कारण आत्यानं वाट्या कुलपात ठेवल्या होत्या, म्हणून पिळलेल्या लिंबाच्या फोडी वाळवून त्यात रंग. एकाच्या अंगरख्याला हळदीचा पिवळा, दुसऱ्याच्या पगडीला कुंकवाचा लाल. तेवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण शिपाई नुसता रंगवून चालत नाही म्हणे, त्याला पायाखाली जमीन लागते. "जमिनीबिगर शिपाई म्हणजे निसतं बाहुलं," असं ते मला सांगायचे, जसं काही मी विचारलं होतं. मग गिरणीतल्या, सूत गुंडाळायच्या मोडक्या लाकडी कांड्यांच्या चकत्या कापायच्या, त्यावर कोष्टी लोक सुताला लावतात ती चिंचोक्याची खळ फासायची, वर शेतातली काळी माती चाळून भुरभुरायची, आणि रंगखात्यातनं आणलेला हिरवा कापूस कात्रीनं बारीक करून त्याचं गवत लावायचं. एका चकतीवर किती गवत असावं ह्यावर मी त्यांना अर्धा रविवार घालवताना बघितलंय. त्याच वेळी घराच्या छपरावर खरं गवत उगवलं होतं, आणि ते काढा म्हणून आत्या महिनाभर ओरडत होती.

आणि हे सगळं कशासाठी, तर पानिपतासाठी. दर रविवारी सोप्यात पानिपत. रांगोळीनं हद्दी आखायच्या, निळीत बुडवलेलं फडकं पसरून यमुना करायची, आणि सारीपाटाचे फासे टाकून लढाई. समोर खेळायला कोण बसणार, म्हणून दोन्हीकडनं तेच. इकडनं खेळताना डोक्यावर काळी टोपी. मग उठायचं, यमुनेला वळसा घालून पलीकडं जायचं, टोपी काढून पंचा गुंडाळायचा, आणि झाले अब्दाली. हत्ती कमी पडले म्हणून तोफखान्यात एक राक्षस उभा केला होता, कुणाच्या तरी किल्ल्यातनं उरलेला, निळ्या मिशांचा. "हा कुठल्या बाजूनं?" म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "ज्याला फासा पडंल त्याच्या." फाशात मात्र लबाडी नाही, आणि मांडणी इतिहासाबरहुकूम, अब्दालीकडं माणसं जास्त. म्हणून मराठे दर खेपेला हरायचे. इतिहासात एकदाच हरले, आमच्या सोप्यात दर रविवारी. हरले की आतोबा पंचा काढून टोपी घालायचे आणि जेवायला बसायचे, आणि आत्या वाढताना म्हणायची, "आज भाऊसाहेब पडले वाटतं. भाकरी दोन घ्या."

पण सगळ्यात कहर म्हणजे डोळे. आतोबांच्या शिपायांना डोळे नसायचे. नाक आहे, मिशा आहेत, कपाळाला गंध आहे, आणि डोळ्यांच्या जागी कोरी माती. लहानपणी ते एका गणपतीवाल्याच्या हाताखाली होते, आणि तिथं डोळे सगळ्यात शेवटी उघडतात. डोळे उघडले की मूर्तीत जीव आला. ते ह्यांनी धरलं ते धरलंच. "डोळं असलेल्याला लढाईत ढकलायचं कसं?" असं मलाच विचारायचे. त्यांचा नियम असा की जो लढाईतनं वाचेल त्यालाच डोळे, आणि डोळे आले की तो फळीवर, पेन्शनीत. मराठे कायम हरणार, म्हणजे वाचणारे बहुतेक पलीकडचे. त्यामुळं आमच्या घरात डोळे असलेले सगळे शत्रू, आणि आपली माणसं आंधळी. ह्यावर मी लई हसलोय.

आता मूळ गोष्ट. आत्याची मुलगी कमळा. तिला माढ्याचं स्थळ आलं. मुलगा शेती बघतो, स्वभावानं गरीब. गड्ड्याच्या जत्रेत कमळीनं त्याला लांबनं बघितला होता आणि तिच्या मनात तो भरला होता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी माहीत नसल्यासारखं केलं होतं. हे जमलं नसतं तर पुढचं स्थळ अक्कलकोटचं होतं, बिजवर, दोन पोरांचा बाप. त्यामुळं आत्यानं नवस बोलून ठेवला होता. आणि पाहुणे नेमके रविवारी येणार, ज्या रविवारी आतोबांनी अख्खी नवी फौज उभी केली होती. ह्या खेपेला जिंकतोच, असं ते गिरणीतसुद्धा सांगून आले होते.

"उचला ते सगळं," आत्या म्हणाली.

"खळ वाळली न्हाई अजून. हलवलं तर पाय निखळतील."

"तुमचं पानिपत ऱ्हाऊ द्या, माझ्या लेकीचं व्हायला लागलंय."

शेवटी फौज फळ्यांसकट आणि रंगाच्या सामानासकट बाजेखाली सरकवली आणि बाजेवर चादर अशी टाकली की कडा जमिनीला टेकाव्यात. यमुना गुंडाळून कोनाड्यात.

सर्व्हिस मोटारीनं पाहुणे आले. मुलाची आई आणि मुलाचा चुलता. मुलगा आला नव्हता, मुलगी बघायला मुलगा कशाला लागतो. आई अंगानं भरलेली, कपाळभर कुंकू, नजर अशी की माणसानं आपल्या सदऱ्याची बटणं तपासावीत. बाजेवर बसल्या. चहा-पोहे झाले, ऊसपाण्याची चौकशी झाली. कमळी अजून आतच होती. आईंनी पान लावायला घेतलं आणि अडकित्ता हातातनं निसटून बाजेखाली गेला. मी उठेपर्यंत त्यांनी वाकून चादर उचलली होती.

मग त्या बराच वेळ सरळ झाल्याच नाहीत.

आता त्यांच्या बाजूनं बघा. बाजेखाली अंधार. काळ्या मातीत उभी केलेली बाहुली, रांगेनं. एकालाही डोळे नाहीत. भाले म्हणून प्रत्येकाला टाचणी टोचलेली. कुंकू सांडलेलं. लिंबाच्या फोडी. आणि कोपऱ्यात केसांचा झुपका.

"भावजी," त्या म्हणाल्या, "पाय वर घ्या."

चुलत्यांनी पाय वर घेतले. एवढ्यावर कुणीही शहाण्या माणसानं तोंड मिटून ठेवलं असतं. पण आतोबांना जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांची फौज आपणहून वाकून बघत होतं. ते उठले आणि अख्खी फळी बाहेर ओढली.

"घाबरू नका, जवळनं बघा की," म्हणाले. "ह्या फळीवरचे गेल्या रविवारी मेलेले. हे पलीकडचे नवे, अजून मरायचे हायत."

"ह्या टाचण्या कशापायी टोचल्यात?"

"मारायला की."

"आन ही माती कुटली?"

"शेतातली. मेल्यावर तितंच पडायचं असतंय."

आत्यानं कपाळावर हात मारला. मी मध्ये पडून सांगायला बघितलं की खेळ आहे, लढाई आहे, पण बाई उभ्या राहिल्या होत्या. "उटा भावजी. बिनडोळ्याची बाव्हली, टाचण्या, लिंबं, कुक्कू. ह्या घरात भानामती चालतीय. असल्या घरची लेक माझ्या घरात येणार न्हाय." चुलते पायताण शोधायला लागले. ते बाजेखालीच गेलं होतं, आणि तिथं हात घालायची त्यांची तयारी नव्हती. तेवढ्यामुळं जरा वेळ मिळाला.

आतोबा तेव्हा कुठं समजले. तोंड कोरड्या मातीसारखं झालं त्यांचं. डोळ्यांचा नियम सांगायला लागले, गणपतीवाल्यापासनं सुरुवात करून, आणि सांगता सांगता अडखळले. बाई दारात थांबून ऐकत होत्या.

"म्हंजी डोळं काढता येत्यात तुमाला?"

"येत्यात की."

"मग काढा. आत्ता, माझ्याम्होरं, सगळ्यास्नी. डोळं उगडलं तर म्हणीन खेळणी हायत. न्हाय तर मी चालले."

आतोबा हलले नाहीत. फौजेकडं बघत राहिले. मला इतका राग आला म्हणून सांगू. घरात लेकीचं लग्न मोडायला लागलंय, आणि हा माणूस मातीच्या शिपुर्ड्यांचा विचार करतोय.

तेवढ्यात कमळी बाहेर आली, बोलावल्याबिगर. नवं लुगडं, डोक्यावर पदर. कुणाकडं बघितलं नाही. आपली काजळाची डबी वडलांच्या पुढ्यात ठेवली, खारीचा कुंचला उचलून त्यांच्या हातात दिला, आणि नुसतं म्हणाली, "आबा."

आतोबांनी चष्मा पुसला आणि बसले. पहिला शिपाई उचलला, कुंचल्याचं टोक काजळात बुडवलं, आणि श्वास धरून दोन ठिपके दिले. त्याला खाली ठेवला, दुसरा उचलला. कमळी एकेक हातात देत होती. बाई दारातनं आत आल्या. मग बाजेच्या कडेला टेकल्या. मग खाली जमिनीवरच बसल्या.

"त्येचा डावा तिरपा झालाय," मधेच म्हणाल्या.

"तो भालदार हाय. त्याला बाजूला बघायचं असतंय."

"भावजी, ह्यो बगा. आपला मुकादम हाय का न्हाय हुबेहूब?"

चुलते पायताण विसरले. "व्हय की. मिशा सुदिक त्याच्याच. आन ह्यो निळ्या मिशाचा कोन?"

"तो दोन्हीकडनं असतोय," आतोबा म्हणाले, आणि राक्षसालाही डोळे दिले. आत्यानं दुसऱ्यांदा चहा टाकला आणि तो कुणी प्यायलं नाही. सगळी फौज बघायला लागली तेव्हा बाईंनी एक छोटा भालदार उचलून तळहातावर घेतला, तोच, तिरप्या डाव्या डोळ्याचा. "ह्यो मला द्या," म्हणाल्या. "आन तुमची लेक बी." सुपारी तिथंच फुटली. अडकित्ता त्याच फळीवर, तोफखान्याशेजारी सापडला.

लग्न झालं, कमळी माढ्याला गेली. मला वाटलं, आता दर रविवारी पुन्हा पंचा आणि टोपी. पण फासे सारीपाटाच्या पिशवीत गेले ते गेलेच. फौज फळीवर, रांगेनं, सगळी बघत. आतोबा रोज मऊ फडक्यानं पुसतात. एकदा मी चेष्टेनं म्हटलं, "कुंभाराकडनं नवे आणा की, आंधळे. खेळा." तर माझ्याकडं असं बघितलं जसं काही मीच अब्दाली आहे. म्हणाले, "ह्यांच्यादेखत?"

आणि आज. आज कमळी माहेरी आलीय, म्हणून मी गेलो होतो. आतोबा गिरणीतनं आले, लेकीला बघितलं, टोपी खुंटीला अडकवली, आणि इतक्या महिन्यांनी आलेल्या लेकीला ह्या माणसानं पहिलं काय विचारावं?

"तो भालदार कसा हाय गं?"

मी कमळीकडं बघून डोळे फिरवले, म्हटलं बघ तुझा बाप. ती माझ्याकडं बघतच नव्हती.

"बरा हाय," म्हणाली. "देवळीत ठेवलाय, देवाशेजारी."

"त्याला कुणी बोलत न्हाई नव्हं?"

"न्हाई आबा. सुरवातीला जरा परकं वाटायचं त्याला. आता रुळला."

"जेवतो वेळेवर?"

"जेवतो. सासूबाई पुढ्यात बसून वाढत्यात."

आतोबांनी मान हलवली. मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले, आधीच पुसलेला. आत्या चुलीकडं तोंड करून उभी होती आणि भाकरी करपल्याचा वास येत होता. मी निघालो तो तसाच तडक आलो इथं.

मला सांगा, तुमच्या घरी झालंय का असं कधी? ज्या माणसावर जन्मभर हसत आलात, त्याच्याच समोर एके दिवशी हसू ओठावर आलं, आणि पुढं फुटलंच नाही, असं?