चौकटीवरची गुंडाळी

बत्तीस वर्षांच्या नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, त्यातले निम्मे विसरलो. निवृत्तीला वर्ष उरलं असताना आलेली ही फसवणुकीची केस मात्र डोक्यातून जात नाही.

फिर्यादी गारखेड्यातल्या एक वयस्कर ज्यू विधवा. त्यांच्या धर्मात दाराच्या चौकटीला कातड्यावर हाताने लिहिलेल्या हिब्रू प्रार्थनेची गुंडाळी लावतात. येता-जाता तिला हात लावायचा आणि सात वर्षांत दोनदा जाणकाराकडून तपासून घ्यायची. बाईंची गुंडाळी वेरूळच्या एका दुकानातली, सोबत ठाणे शहरातल्या, अशा गुंडाळ्या तपासणाऱ्या एका तपासनिसाचं प्रमाणपत्र. बाईंनी ती त्याच्याकडेच तपासायला धाडली, तर तो स्वतः बाईंना घेऊन आमच्या स्टेशनला हजर! "सही माझी नाही, शिक्का माझा नाही," तो म्हणाला.

बाई एवढंच म्हणाल्या, "आमचे हे शेवटचे दवाखान्यात गेले ते तिला हात लावून. त्या दारावर काय होतं, ते मला कळायला हवं."

याला कुठलं कलम लावणार? मी गुन्हा दाखल करून घेतला.

दुकानदार बिलंदर. "माल परदेशातून येतो साहेब, मला काय ठाऊक?" एवढंच त्याचं पालुपद. दोन दिवसांनी खबऱ्या आला. "कायचं परदेश साहेब! माल इथंच बनतोय. बनवणारा कोन, ते काय कळंना."

तपासनीस भिंग लावून माझ्या टेबलाशी बसला. तीनदा चहा थंड झाला, पण त्याने मान वर केली नाही. शेवटी म्हणाला, "अक्षर एकही चुकलेलं नाही. पण हे बघा, उभ्या रेषा सगळ्या काळ्याभोर, आडव्या सगळ्या तपकिरी. शाई दोन वेळची आहे. आमच्यात एक अक्षर पुरं करूनच पुढचं लिहायचं. मागं येऊन एक रेघ भरली तरी गुंडाळी बाद. असं कोण लिहितं?"

मी खुर्चीतून उठलोच. असं लिहिताना मी पाहिलं होतं, आमच्याच स्टेशनचा बोर्ड पेंटरने रंगवला तेव्हा!

दुकानाची पाटी करणाऱ्या पेंटरला बोलावलं. पंचांसमोर कोरा कागद दिला आणि त्याच दुकानाचं नाव लिहायला सांगितलं. गड्याने आधी सगळ्या अक्षरांचे उभे दंड ओढले, मग बाकीचं भरलं. मी गुंडाळी पुढे ठेवली.

"व्हय साहेब, मीच केलं. आमची पद्धतच हाये, लाईन सरळ येती. दुकानवाल्यानं नमुना दिला, शोपीस म्हनून उतरवायला सांगितलं. देवाचं हाये म्हायती असतं तर हात नसता लावला."

खोटं बोलणारा माणूस आपल्या तोंडाकडे बघतो. हा गुंडाळीकडेच बघत होता. मी त्याला साक्षीदार केलं. बनावट शिक्का दुकानाच्या झडतीत सापडला.

बाईंना सांगायला मी आणि तपासनीस त्यांच्या घरी गेलो. त्यांनी विचारलं, "म्हणजे ह्यांनी हात लावला तेव्हा तिथं काहीच नव्हतं?"

एखादं गोड खोटं बोलून टाकावं, असं मला फार वाटलं. तपासनीस म्हणाला, "गुंडाळी बाद होती, मावशी. मी दुसरं काही सांगू शकत नाही."

बाई पदराने डोळे पुसत राहिल्या. त्याने पिशवीतून नवी गुंडाळी काढली. प्रमाणपत्र त्याचं स्वतःचंच, महिनाभरापूर्वीचं. तरी लगेच दिली नाही. खिडकीपाशी बसला, भिंग लावलं आणि पहिल्या अक्षरापासून पुन्हा तपासायला लागला. बाई शेजारी येऊन बसल्या. तासाभराने तो "बरोबर आहे" म्हणाला, तेव्हा त्यांनी स्वतः उठून हातोडी आणली.

त्या वर्षी माझ्या टेबलावर जेवढी दोषारोपपत्रं आली, तेवढी मी सही करूनही परत एकदा वाचली. दोन फाडून नव्याने लिहायला लागली. आधीच्या एकतीस वर्षांत अशी किती गेली असतील, ते मला सांगता येणार नाही.