पेंढ्यातलं अंडं
पेट्या भरायला घेतल्या की पेंढ्याचा वास नाकात जातो आणि मला आंबा नाही, अंडं आठवतं. लेक तेव्हा इंजिनीअरिंगला होती. कॉलेजात स्पर्धा होती. तिसऱ्या मजल्यावरून खोका खाली टाकायचा आणि आतलं अंडं फुटता कामा नये. वडिलांनी उभा जन्म आंब्याच्या पेट्या भरलेल्या. हात थरथरत होते, तरी पडवीत बसून त्यांनी खोक्यात पेंढ्याचं घरटं वळलं. "अंडं म्हणजे काय गो, पातळ सालीचा आंबाच तो," नातीला म्हणाले. मी मात्र नुकताच पॅकिंगवरचं तासाभराचं व्याख्यान ऐकून, वर फुकटचा वडा खाऊन आलेलो, म्हणजे तज्ज्ञच! स्पर्धेच्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता पेंढा काढला आणि थर्माकोल कोंबला. संध्याकाळी लेक पायरीवर असतानाच वडिलांनी विचारलं, "राहिलं काय गो?" "फुटलं, आजोबा," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली, खोका उघडल्यावर तिला सगळं कळलंच होतं. मी चहात बिस्कीट बुडवत बसलो. वडिलांनी दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. "आता हातांत काही राहिलं नाही," एवढंच म्हणाले, आणि त्या हंगामात पेटीला शिवले नाहीत. उद्या सांगू, उद्या सांगू करत मी पुढचा हंगाम गाठला. तोवर ते राहिले नव्हते. हल्ली मी पेंढ्यातच आंबे भरतो. गिऱ्हाईक फोनवर म्हणतं, "एकही डागी नाही हो, अगदी वडिलांचा हात!" तेव्हा 'हो' म्हणायला माझं तोंड लगेच उघडतं.